उजवा अंगठा

शेषराव कारकुनाने शाईचा डबा उघडला, संमतीचा कागद पुढे सरकवला आणि मान वर न करताच म्हणाला, "आण वं, उजवा अंगठा."

पंचफुलाने उजवी मूठ पदराखाली आणखी घट्ट आवळली.

मेहरबी तिच्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. या सरकारी दवाखान्यात आयाचं काम करून अठरा वर्षं झाली, पण गेल्या तीन दिवसांनी तिला जेवढं थकवलं तेवढं अठरा वर्षांनी थकवलं नव्हतं. पाय सुजून टम्म झाले होते. त्या मुठीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. मूठ मिटायला तिनेच लावली होती.

सोमवारी ही पोर आसेगावाकडून आली तेव्हा लुगडं फाटलेलं, ओठ सुजलेला आणि तोंडात एकच गोष्ट, "मी त्याची मान ओरबाडली." ज्याच्या वावरात तण निंदायला जायची, त्या मालकानेच तिच्यावर जबरदस्ती केली होती. वर तो गावभर सांगत सुटला होता, की मी तर त्या दिवशी वाशिमच्या बाजारात होतो. मेहरबीने पोरीची नखं पाहिली. नखांखाली रक्त होतं, कातडी होती. मागे एका खुनाच्या वेळी डॉक्टरांनी मेलेल्या माणसाची नखं काढून, लाखेची मोहर लावून नागपूरला धाडलेली तिने पाहिली होती.

"हात धू नको माय," ती म्हणाली होती. "डाक्टरीणबाई येईपर्यंत मूठ सोडू नको. तुले खोटी म्हणतीन सारे. नखायले कोण खोटं म्हणन?"

डॉक्टरीणबाई मात्र नसबंदीच्या कॅम्पला गेलेल्या. आज येतील, उद्या येतील, करता करता तीन दिवस गेले. डाव्या हाताने कसं जेवायचं म्हणून पोर उपाशीच बसली, तेव्हा मेहरबीने तिला घास भरवले. आंघोळ नाही, अंगावरचं लुगडं तेच. वॉर्डातल्या बाया नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कशी घाण राह्यते वं हे!" पंचफुलाने तेही ऐकून घेतलं. मूठ झोपेतसुद्धा सुटली नाही.

आता एकदाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्याही तासाभरासाठी. बाहेर जीप उभी होती आणि ड्रायव्हर मिनिटामिनिटाला हॉर्न मारत होता.

"कागद झाला का?" आतून आवाज आला. तोही थकलेलाच होता.

"होऊन राह्यला बाई!" शेषराव ओरडला. मग त्याने टेबलाखालून ओलं फडकं काढलं. मजुरांच्या हाताला माती असते, ठसा नीट उठत नाही, म्हणून अगोदर हात खसाखसा पुसून घ्यायची त्याची जुनी रीत होती.

त्या फडक्याने नखांखालचं सारं पुसून जाणार, म्हणून मेहरबी घाईने पुढे झाली. "साहेब, थांबा! अगोदर नखं काढू द्या, मंग घ्या अंगठा."

"कागदाबिगर बाई हात लावत नाहीत."

"मंग डावा घ्या."

"अठरा वर्षं काय झाडूच मारला का तुनं? माणसाचा डावा, बाईचा उजवा. डावा घेतला तं वकील मलेच उलटा टांगन."

त्याने पंचफुलाचं मनगट धरलं आणि बोटं उलगडायला लागला. शेषराव काही वाईट माणूस नव्हता, आपलं काम करत होता, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला शिव्या तरी देता आल्या असत्या. फडकं मुठीला टेकणार, तोच मेहरबीने मध्ये हात घातला. गार पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"या अल्ला, पोरीनं तीन दिवस हात सांभाळला हो!"

"हॉर्न ऐकू येते का तुले? बाई चालल्या गेल्या तं पुढच्या हप्त्यापर्यंत धरून बसा मूठ."

आपणच या पोरीला आशेला लावलं, असं वाटून मेहरबीला रडूच आलं.

"सही चालते का?" पंचफुला म्हणाली.

शेषरावचा हात तसाच राहिला. "तुले सही येते?"

"तिसरीपर्यंत शाळंत गेली मी."

"मंग अगोदर सांगाले काय झालं होतं?"

"कोणी इचारलंच नाही."

ते खरं होतं. तीन दिवसांत मेहरबीनेही विचारलं नव्हतं, आणि त्याची तिला आता लाज वाटली. तिने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. पंचफुलाने डाव्या हातात टाक घेतला. डाव्या हाताने तिने आयुष्यात कधी अक्षर काढलं नव्हतं. प उलटा वळायला लागला, तो तिने सरळ केला. वरचं टिंब राहिलं, ते परत जाऊन दिलं. कपाळावर घाम आला. बाहेर हॉर्न वाजतच होता. नवऱ्याचं नाव, मग आडनाव. सगळं नाव कागदावर उतरेपर्यंत ती थांबली नाही.

मेहरबीने दार ढकललं. "बाई, कागद झाला! अगोदर नखं घ्या हो."

शेषरावने कागद उचलून उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. "हे काय अक्षर हाय? कोर्टात कोण वाचन हे?"

पंचफुला दारातून वळली.

"मी वाचीन. त्याच्यासमोर उभी राहून वाचीन."