आतून मारलेला लाल

रिमोटच्या गाडीची बॉडी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची असते. रंग आतून मारायचा, म्हणजे बाहेरून चकाकतो, हे आमच्या रिमोट-गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना मीच शिकवतो. तीन दिवस खपून मी आधी पट्टे, मग नंबर आणि शेवटी लाल मारला. तरी बॉडी मळकटच! भेसळीचा रंग विकतो म्हणून केजच्या रंगवाल्याची ग्रुपवर अब्रू काढली.

शेवटी बायकोनं कोपऱ्यात नख घालून बॉडीवर कंपनीनंच बाहेरून चिकटवलेली पातळ पन्नी सर्रकन ओढली. खालचा लाल शोरूममधल्या ट्रॅक्टरसारखा झळकला.

“तुला पन्नी दिसलती, तर बोलली कावून न्हाईस?”

 

“आपल्या ट्रॅक्टरच्या सीटची पन्नी चार वर्षं झाली काढू देत न्हाईत तुमी. मला वाटलं, हिचीबी ठेवायची आसंल.”