रोखलेला श्वास

सांगलीच्या दवाखान्यात किरणांचा शेक देणाऱ्या मशिनखाली मी उताणी पडले होते. डाव्या स्तनातली गाठ काढली होती, आज पहिला शेक. "आजी, सांगितलं की श्वास भरून रोखायचा," टेक्निशियन मुलगी म्हणाली. "म्हणजे काळीज शेकापासून लांब सरतं." "आन् मधीच सुटला तर?" "मशिन आपोआप थांबतं." "माज्या सुनंला न्हाई एवढं कळत." ती हसत बाहेर गेली. जाड दार बंद झालं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आईलाही असाच शेक दिला होता. गाठ गेली, पण शेकानं कमजोर झालेलं काळीज बारा वर्षांनी बंद पडलं. श्वासाची युक्ती तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. आई घाबरली होती, म्हणून दारातून मीच म्हणाले होते, "श्वास कोंडू नगंस, आई." "रोखा," स्पीकर म्हणाला. मशिन घुमलं. वीस सेकंदांनी आवाज आला, "सोडा." माझ्याच्यानं सोडवेना.