अक्षर वेगळं

“बंद करा ते रडगाणं,” असं म्हणत दीपमालाने स्वतःच उठून रेडिओ बंद केला.

“राहू द्यायचं व्हतं गं,” शेजारच्या शकुबाईने पदराने डोळे टिपले. “लय खरं गाणं हाय.”

नव्व्याण्णव साली मखमलाबादच्या मळ्यांत ते गाणं दिवसातून चारदा वाजायचं. दोन मैत्रिणी. एक संसार निवडते, दुसरी नोकरी. पुष्कळ वर्षांनी त्या बसस्टॉपवर भेटतात आणि एकमेकींकडे बघून रडतात. कोणाचं चुकलं, ते गाणं सांगत नसे. म्हणून बाया भांडत.

“घरातलीच रडती,” शकुबाई म्हणे. “तिला कोणी कधी इचारलं नाय.”

“नोकरीवाली रडती,” सासू नवसाबाई धाकट्या सुनेकडे, दीपमालाकडे, बघून म्हणत. “पर तोंडानं कबूल करत नाय.”

थोरली सून छाया भाकऱ्या थापत ऐकत असे.

छायाची शाळा सातवीतच सुटली होती. धाकटी जाऊ दीपमाला पंचवटीतल्या एका शाळेत कारकून होती. सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून निघाली की गल्ली म्हणे, “मॅडम चालल्या.” त्या वेळी छाया दीपमालाच्या तीन वर्षांच्या निकिताला वरणभात भरवत असे. छायाला मूल नव्हतं. निकिता तिच्याच कुशीत झोपे. पण घरात जमिनीचा कागद आला की सासरे तो दीपमालापुढे धरत, आणि छायाला चहा टाकायला सांगत. ती पर्स एकदा कायमची खुंटीला टांगलेली बघायची, एवढीच छायाची इच्छा होती.

रेडिओवाल्यांनी त्या गाण्यावर श्रोत्यांची पत्रं मागवली. छायाने अक्षरं जुळवून जुळवून एक पोस्टकार्ड लिहिलं आणि खाली नाव घातलं दीपमालाचं. मळ्यातून येताना ते पेटीत टाकलं.

रविवार उजाडला. दसरा दोन दिवसांवर होता. ओट्यावर झेंडूचे ढीग पडले होते आणि सगळं घर माळा ओवत होतं.

“रेडिओ लावू का?” छायाने विचारलं. “का तुला रडू येईल?”

“लावा ना, ताई,” दीपमाला म्हणाली. “बघू तरी, कोण कोण रडतंय.”

दोन पत्रं झाली. मग निवेदिका म्हणाली, “पुढचं पत्र मखमलाबादहून, दीपमालाताईंचं. ‘मी नोकरी करते. साहेब बोलतात, पाय दुखतात. घरच्यांनी बस म्हटलं तर मी आजच घरी बसेन.’”

नवसाबाईंची सुई थांबली. “तू लिहिलंस हे?”

दीपमालाचा चेहरा उतरला. तिने छायाकडे बघितलं. छायाने मान वर केली नाही. आता ही नाही म्हणेल, शपथा घेईल, आणि सासूबाईंना ते मुळीच पटणार नाही.

“हो आई,” दीपमाला म्हणाली. “मीच.”

“मग ऱ्हा घरी. आमी कधी नाय म्हनलं?”

“बरं.”

छायाने फुलांची ओंजळ भरून घेतली. जीव कसा हलका झाला होता. भांडली कशी नाही ही, एवढंच तिला कळेना. पाठीला लोंबकळणाऱ्या निकिताला तिने पुढे ओढलं आणि तिचा मुका घेतला.

“आणि गंमत बघा,” निवेदिका हसत म्हणाली, “हे आणखी एक पत्र. नाव तेच, गाव तेच, अक्षर मात्र वेगळं. ‘गाण्यातल्या घरातल्या बाईचा मला हेवा वाटतो. आमच्याकडे ती माझी जाऊ आहे. माझी मुलगी झोपेत तिला आई म्हणते. दसरा झाला की मी राजीनामा देणार आहे आणि मुलीला घेऊन माहेरी मनमाडला जाणार आहे. ती मला आई म्हणेपर्यंत परत येणार नाही.’”