एकतिसावं मिनिट

जूरी बाइदेउंनी ट्रेमधल्या पेट्रोलवर आग विझवायचा फेस पसरला, मधोमध पेटतं भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, "खुरी, घड्याळ."

पद्मेश्वरीने घड्याळ दाबलं. ती त्यांना बाइदेउ, म्हणजे ताई म्हणायची; त्या तिला खुरी, म्हणजे काकू. फेस खाऊन आग पुन्हा पेट्रोलला कधी धरते, एवढंच बघायचं होतं. तेलकंपनीच्या या शेडमध्ये आठ महिने ती मदतनीस म्हणून हेच बघत होती, आणि अठरावं मिनिट जवळ आलं की खांद्यावरच्या गामोशाने तोंड पुसायचं निमित्त करून मान वळवत होती.

"आज काय घातलंत, बाइदेउ?"

"वाळूच. पण इतकी बारीक, की डोळ्याला दिसायची नाही. बुडबुड्याच्या अंगाला चिकटून बसते, त्याला फुटू देत नाही."

"बघू. कालचा तर माझ्या पेजेवरच्या फेसाआधी बसला."

बाइदेउ हसल्या. वयाने मुलीसारख्या, पण शास्त्रज्ञ. तरी खुरीचे टोमणे त्या निमूट ऐकून घ्यायच्या.

अठरा झाली. पद्मेश्वरी मान वळवायची विसरली. फेस जागचा हलला नव्हता.

पंचविसाव्या मिनिटाला बाइदेउ उठल्या. "बास, खुरी. नियमात एवढंच आहे. पास झालो आपण. थांबवा."

तिचा अंगठा हलला नाही. "अजून सहा मिनिटं द्या."

"कशाला?"

"त्या तेलाच्या टाकीच्या आगीत पहिल्या गाडीचा फेस अठराव्या मिनिटाला बसला. आमचे हे आतच होते, पाइप धरून. दुसरी गाडी आली ती एकतिसाव्याला."

बाइदेउ परत स्टुलावर बसल्या.

अकरा वर्षं झाली होती. त्या सकाळी तिने आंबट माशाचं कालवण केलं होतं. बूट चढवता चढवता ते म्हणाले होते, "माशाचं डोकं मला ठेव हं." तेव्हापासून देवापुढे हात जोडले की तिला दुसरं काही मागायचं सुचत नसे. मधली तेरा मिनिटं तेवढी हवी होती.

एकोणतीस. तीस. कडेचे दोन बुडबुडे फुटले. बाकीचा फेस तसाच राहिला.

एकतिसाव्या मिनिटाला पद्मेश्वरीने घड्याळ दाबलं. मग ट्रेकडे वाकून हलकेच म्हणाली,

"अहो, गाडी आली. या आता बाहेर."