दुसऱ्याच्या नावानं ओ

पंडितजींना जमिनीवर बसता येईना. शंभूच्या बायकोनं, साधनानं, चटई अंथरली होती, पण ते भिंतीला हात टेकून उभेच राहिले आणि ओशाळं हसले.

"खुर्ची असली तर बरं होईल. डावा पाय गुडघ्याखाली नकली आहे. मांडी घालता येत नाही."

शंभूनं भाडेकरूच्या खोलीतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि स्वतः उंबऱ्याशी उभा राहिला. हा माणूस आल्या पावली परत गेला तर बरं, असं त्याला वाटत होतं.

पंडितजी म्हणजे कैलासच्या पलटणीचे धर्मगुरू. देवळात आरती करायची, सणवार सांभाळायचे, लढाईच्या वेळी चौक्यांवर जाऊन जवानांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. मे महिन्यात सीमेवर तोफा चालल्या, त्यात शंभूचा धाकटा भाऊ कैलास गेला. पंडितजी तेव्हापासून पुण्याच्या फौजी दवाखान्यात होते. चालता यायला लागल्यावर पहिल्यांदा बाहेर पडले ते रिक्षा करून थेट घोटावड्याला, शंभूच्या गावी आले.

कैलास गेल्यापासून घरी माणसांची रीघ लागली होती. भाऊ वाघासारखा लढला, गावाचं नाव काढलं, असं जो तो शंभूचा हात धरून सांगे. शंभू मान खाली घालून ऐके. लोकांना वाटे, दुःखानं वाकलाय.

खरं तर तीन वर्षं तो कैलासशी बोलला नव्हता. आई गेली तेव्हा कैलास चौकीवर होता आणि बर्फानं वाटा बंद होत्या. तो पोचला दहाव्याला. पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती, तोच शंभूनं त्याला दारात अडवलं. "आई तुझ्या नावानं हाका मारत गेली. तवा कुटं व्हतास? आता माझ्या दारात पाय ठिवू नगंस." कैलास तसाच मागं फिरला. पुढं सुट्टीवर आला की तो जवळच्या चांद्याला बहिणीकडंच उतरायचा. एकदा गल्लीच्या तोंडाशी येऊन बराच वेळ उभा राहिला होता. शंभू ओट्यावरच होता. त्यानं हाक मारली नाही.

साधनानं चहाचा कप पंडितजींच्या हातात दिला आणि जे शंभूला कुणालाच विचारता आलं नव्हतं ते विचारलं.

"भावजींना लई तरास झाला का वो?"

पंडितजींनी कप खाली ठेवला.

"झाला. खोटं नाही सांगत. सकाळी मी प्रसाद घेऊन चौकीवर गेलो होतो. गोळा पडला आणि बंकरचं छत खाली आलं. बाकीचे निघाले. कैलास तुळईखाली कमरेपर्यंत अडकला. डोळ्यांत माती गेलेली, दिसत नव्हतं. तुळई उचलायला खालून सामान यायचं होतं. तेवढ्यात पुन्हा मारा सुरू झाला. साहेबांनी सगळ्यांना मागे घेतलं. मलाही हाका मारल्या."

"मग तुमी?"

"त्यानं माझा हात धरला होता, वहिनी." पंडितजींनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. "सोडवता आला असता. ताकद राहिली नव्हती त्याच्यात. पण सोडवावासा वाटला नाही. पुढचा गोळा जवळच पडला. त्यात हा पाय गेला."

साधनानं पदर तोंडाला लावला. पंडितजी आता शंभूकडं वळले.

"शंभूदादा, मी तुमच्यासाठी आलोय. अशा वेळी माणसाच्या कानात देवाचं नाव सांगायचं, हे माझं काम. मी सुरुवात केली. पण तो ऐकेना. तो 'दादा, दादा' म्हणत होता. मला वाटलं, ग्लानीत आहे, थांबेल. थांबला नाही. मग म्हणाला, 'दादा, तू आलास व्हय?'"

शंभूनं चौकट धरली.

"मी म्हणालो, 'व्हय, आलो.' तुमच्याकडचं बोलणं मला जमत नाही. भीती वाटली, आवाज ओळखेल. त्यानं विचारलं, 'राग गेला?' मी म्हणालो, 'गेला.' मग त्यानं मान टाकली माझ्या मांडीवर. थोड्या वेळानं संपलं सगळं. देवाचं नाव राहूनच गेलं." पंडितजींनी हात जोडले. "मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो. तेही तुम्हाला न विचारता, तुमच्या नावानं. दवाखान्यात तेवढंच डोक्यात होतं."

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी कारखान्यातली पोरं हिंदीत हसत होती. साधनानं डोळे पुसले आणि पुढं होऊन पंडितजींचे जोडलेले हात खाली केले.

"असं नका म्हणू. लई मोठं काम केलंत तुमी. तितं हे असते, तर ह्यांनीबी हेच केलं असतं."

शंभू उंबरा ओलांडून आत आला. मग तो पंडितजींसमोर खाली बसला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाला,

"न्हाई, पंडितजी. तितं मी असतो, तर ओ दिली न्हसती."