आधी करंगळी

जेवणाची सुट्टी व्हायला अजून तास होता, तेव्हा लाडकीआजी माझ्या पाच महिन्यांच्या पोराला घेऊन फुग्यांच्या कारखान्याच्या गेटवर आली. ही माझी आजेसासू, नव्वदीला टेकलेली. पोर सकाळपासून वाटीतल्या दुधाला तोंड लावत नव्हतं. “ताई, साहेबांच्या चिठ्ठीशिवाय गेट उघडत नाही,” वॉचमन म्हणाला. म्हणून मी आतूनच गजांना टेकून ओढणी पसरली, आणि आजीनं बाहेरून पोराला माझ्या छातीशी धरलं. “निलम, तुला सोडत नाय?” तिनं विचारलं. “सुट्टीत सोडतात,” मी म्हणाले. “माजी आयस पण असंच सांगं. सावकाराच्या पैशानं तिचं लगीन झालं, म्हणून ती नि बाप जन्माची त्याची गडी. मी धाकट्या भावाला शेताच्या बांधावर न्यायची, पाजाया. मंग एक दिस सगला पाडा उठला नि वेठ मोडली. ती काय परत असं उभं राहाया मोडली?” “मला कुणी धरून आणलं नाही, आजी. मी अर्ज करून आले. हे बघ, गळ्यातल्या कार्डावर नाव माझं.” “मंग त्याला सांग, गेट उघड.” मी वॉचमनकडे पाहिलं. तेवढ्यात आतून साहेबांनी माझं नाव पुकारलं. पोराच्या मुठीत माझ्या कार्डाची फीत अडकली होती. मी ओढली तसं ते कळवळलं. आजीनं गजांतून हात घातला. “ओढू नको. आधी करंगळी सोडवायची,” ती म्हणाली, “म्हंजे पोर रडत नाय.”