मिस्त्रींनी पसंत केलेला फोन

सुज्ञ वाचकहो, डोंगराआडच्या एका खेड्यातील गवंड्याने रेंज पकडणारा मोबाइल कसा निवडला, त्याची हकिगत मी यथाशक्ती सादर करीत आहे. ती मला संबंधित दुकानदाराने फोनवरून कथन केली. मी स्वतः त्या प्रसंगी तेथे उपस्थित नव्हतो, याबद्दल प्रारंभीच आपली क्षमा मागतो.

तीन मोबाइल काउंटरवर मांडलेले होते. मिस्त्री एकेक उचलून, विटा पारखाव्यात तसे, उलटसुलट करून पाहत होते.

"यातला तुमच्या घरात कुठला लागेल, ते मी इथे बसून कसं सांगू?" दुकानदार म्हणाला. "जुन्याला काय झालं?"

"मेला तो," मिस्त्री दुसरीकडे पाहत म्हणाले. "शेठ, घरी चला. कुठे लागतो, कुठे लागत नाही, सगळं बघू. लागत नाही ते आधी."

गिऱ्हाईक चिकित्सक आहे, असे दुकानदाराच्या मनात आले. दुपारी दुकानात माशा मारण्यावाचून काम नव्हते. त्याने शटर ओढले आणि तिन्ही फोन पिशवीत घालून मोटारसायकल काढली.

घर गावाच्या टोकाला होते. मिस्त्रींनी ते स्वतःच्या हाताने, निव्वळ दगडात बांधले होते. एकही भिंत ओळंब्याला चुकलेली नव्हती.

"अठरा इंची?" दुकानदाराने भिंतीवर थाप मारली. "मिस्त्री, घर बांधलंय की किल्ला? रेंजला आत यायला शिडी लावावी लागेल!"

मिस्त्रींची पत्नी दारातच उभी होती. "शेठ, चांगला द्या हं," ती म्हणाली. "लेक लांब असतो आमचा. शाळा अर्ध्यात सोडली, पण वाचनाचं वेड भारी. आता सात मजली कचेरीत आहे. साहेबच म्हणतो आम्ही त्याला."

"अरे वा! बोलणं होत असेल ना, मावशी?"

"कसलं बोलणं! आठ महिने झाले. मी आपलं म्हटलं, एकदा येते रे तुझी खुर्ची बघायला. तर तो 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' करत राहिला आणि लाइन तुटली, ती तुटलीच. मेली ही रेंज!" तिने पदराने हात पुसले. "बसा. शेजारून दूध घेऊन येते, चहा टाकते."

ती गेली आणि परीक्षेस प्रारंभ झाला. दुकानदाराने आपले जादा सिमकार्ड पहिल्या फोनमध्ये घातले. तो अंगणातून नंबर लावी आणि मिस्त्री घरभर फिरत. जेथे घंटी वाजे, तेथे ते कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर बारीक खूण करीत.

पहिला फोन स्वयंपाकघरात वाजला, मधल्या खोलीत नाही. दुसरा सर्वत्र वाजला, अगदी माळ्यावरसुद्धा.

"हा घ्या डोळे मिटून!" दुकानदार ओरडला. "विहिरीत टाकलात तरी बोंबलेल!"

"तिसरा बघू," मिस्त्री म्हणाले.

तिसरा फोन घरात कोठेही वाजला नाही. अंगणाच्या पार कडेला, धुण्याच्या दगडापाशी नेला तेव्हा कोठे कण्हला. मिस्त्री तो घेऊन पुन्हा आत गेले. सगळ्या खोल्या दोनदा फिरले. भिंतीवर एकही खूण पडली नाही.

"हा द्या."

दुकानदार मधल्या खोलीत आला. "मिस्त्री, थट्टा करता काय? हा मुका आहे. फुकट वाटला तरी लोक परत आणून देतील."

तोच मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात घंटी खणखणली. त्यांनी घाईने जुना फोन काढला. "उद्या येतो. वाळू चाळून ठेवा," एवढे बोलून बंद केला. दुकानदाराने तो त्यांच्या हातून घेतला. मधल्या खोलीत, अठरा इंची भिंतींच्या आत, पाचही काड्या भरलेल्या होत्या.

"हा तर ठणठणीत आहे."

मिस्त्रींनी मान खाली घातली. कान लाल झाले.

"सगळ्यांचा लागतो, शेठ. परवा शेजारणीच्या मुलीचा आला, त्याच शहरातून. शेजारी बसून बोलावं तसा स्वच्छ. आमच्या साहेबांना मी लावतो तेव्हा तिकडे घंटी वाजते, उचलत नाहीत. मोठा माणूस झाला. चुन्याच्या हातांची लाज वाटत असेल." त्यांनी दाराकडे पाहिले. "उद्या हिच्या ध्यानात आलं तर? हिला कशाला तरी दोष देता आला पाहिजे ना."

पावले वाजली. दुधाचे भांडे घेऊन ती आत आली.

"लागला का?"

"त्यातल्या त्यात हाच बरा," मिस्त्री तिसरा फोन दाखवून म्हणाले. "पण घरात नाही लागायचा. चूक माझीच. भिंती फार जाड बांधल्या मी."

"तरी मी तेव्हाच म्हणत होते!" ती कळवळली. "पोर तिकडून किती वेळा लावत असेल हो! थकून जात असेल बिचारा. आणि तुम्ही आपले भिंतीवर भिंत रचताय!"

"चुकलं," मिस्त्री म्हणाले. चाळीस वर्षांच्या गवंडीकामात हा शब्द त्यांनी प्रथमच उच्चारला.

दुकानदाराने जुन्या फोनमधील नंबर नव्यात भरून दिले. सहाच होते. पहिला 'साहेब'. मिस्त्रींची पेन्सिल मागून घेऊन त्याने तो नंबर विडीच्या पाकिटावर उतरवला, पाकीट खिशात ठेवले, चहा प्यायला आणि निघाला.

येथे हकिगत समाप्त होते. आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
साहेब
(सात मजली कचेरीचा जिना पुसणारा)